बोंबलाबरोबर मर्लो चालत नाही

हौशीराम गेला तो काही वाईट गेला नाही. अडुसष्ट वय, दुपारची झोप झालेली, उशाला रेडिओ चालू, आणि चहाची वाट बघता बघता गेला. सरुबाई कप घेऊन आली तोवर त्याचं आटोपलं होतं. बेडसे गावातल्या बायका म्हणाल्या, सरुबाई, असं मरण मागून मिळत न्हाई. पुढचे नऊ दिवसही यथासांग पार पडले. घोळ झाला तो दहाव्याला, आणि तो घातला एका कावळ्यानं.

मावळातला दहावा म्हणजे साधं प्रकरण नाही, बरं का. आधी महाराजांचं तासभर प्रवचन. मग श्रद्धांजलीची भाषणं, प्रत्येक पक्षाचा एक माणूस, आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगणार की गेलेला माणूस आमचाच होता. हौशीरामानं उभ्या जन्मात कधी सभेची सतरंजी पाहिली नव्हती, पण त्या रविवारी पवनेच्या घाटावर तो चार पक्षांचा निष्ठावंत कार्यकर्ता निघाला. ऊन चढलं. तीनशे माणसं पोटं आवळून बसली होती, कारण पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी घास घ्यायचा नाही आणि पाहुण्यांनी जागचं हलायचं नाही, ही रीत.

कैलासनं, म्हणजे हौशीरामाच्या मुलानं, डोकं भादरून पिंड मांडले. पुढं पत्रावळ. तिच्यावर सरुबाईनं पहाटे उठून रांधलेलं सगळं होतं: इंद्रायणीचा भात, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि मधोमध सुक्या बोंबलाचं लालभडक कालवण. भटजींनी खूण केली तशी सगळी माणसं वीस-पंचवीस पावलं मागं सरकली आणि हात जोडून उंबराकडं बघत राहिली. उंबरावर सहा कावळे होते. एकही हलला नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक कुजबुजायला लागले. कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कैलास पुढं झाला आणि म्हणाला, "आबा, वरचं वावर इकत न्हाई. पलाटिंगवाल्याला आजच सांगतो." कावळ्यांनी पंख खाजवले. मग पिंकी, शिरगावला दिलेली लेक, रडत म्हणाली, "आबा, मी सासूसंग भांडनार न्हाई." आता तिची सासू तिथंच उभी होती, तिनं पदराआड तोंड वाकडं केलं. कावळ्यांचाही विश्वास बसला नसावा. शेवटी चार पक्षांपैकी एकानं घाटाचा रस्ता पावसाच्या आत डांबरी करून देतो असं आश्वासन दिलं, ते ऐकून एक कावळा सरळ उडूनच गेला.

राहिले पाच.

"काकू, एक सांगू का," सविता म्हणाली. ही शेजारीण. हिला न विचारता सांगायची सवय. "घोटभर ठिवून बघा. पुरुषमानसाचं काय सांगावं."

"आमचे हे पीत न्हाईत," सरुबाई म्हणाली. ती हे जरा मोठ्यानंच म्हणाली, तीनशे माणसांना ऐकू जाईल असं.

तरी कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून देशी निघाली, दुसऱ्याच्या डिकीतून व्हिस्की निघाली. दहाव्याला आलेल्या गाडीत बाटली काय करत होती हे विचारायची ती वेळ नव्हती. दोन द्रोण भरून ठेवले. कावळ्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि सरुबाईला तेवढ्यात तेवढं बरं वाटलं.

भटजींना साडेबाराला कामशेतला दुसरा दहावा होता. त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करतो, तो शिववतो, झालं. कुणाचं काही अडत नाही."

"न्हाई."

"अहो, पण—"

"ज्याचं कुनी न्हाई त्याला गवताचा कावळा," सरुबाई म्हणाली. "ह्यांचं मी हाय."

असं म्हणाली खरी, पण कारण तेवढंच नव्हतं. गवताचा कावळा शिवला तर गाव जन्मभर बोलेल, ते एक झालंच. पण खरी गोष्ट निराळी होती आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. हौशीराम खंडाळ्याच्या एका बंगल्यावर बटलर होता, एकतीस वर्षं. नोकरीहून उशिरा घरी यायचा, सायकल भिंतीला लावायचा आणि म्हणायचा, "मी जेवून आलोय." एकतीस वर्षं हेच. पुढं नोकरी सुटली तरी त्याची सवय मोडली नाही, चुलीपाशी येऊन उभ्या उभ्या दोन घास खायचा आणि ओसरीवर जायचा. तिच्या हातच्या जेवणाला त्यानं कधी नावं ठेवली नाहीत, पण कधी 'वा' म्हणूनही म्हटलं नाही. बंगल्यातलं अन्न खाऊन ह्यांची जीभ मोठी झाली, माझं त्यांना गोड लागत नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि आता तिचंच कालवण पुढं ठेवलेलं, आणि कावळा शिवत नव्हता. तीनशे माणसांसमोर हे उघडं पडणार म्हणून ती बाई घाबरली होती.

नेमका तेव्हा महिपती आला.

महिपती म्हणजे त्याच बंगल्यावरचा दुसरा नोकर, हौशीरामाच्या हाताखालचा. रविवारची गर्दी, खंडाळ्यापासून लोणावळ्यापर्यंत गाड्यांची रांग, त्यात दोन तास अडकून बिचारा आला तो तसाच पांढऱ्या कोटात, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी धरून. पिंडाजवळ जाऊन त्यानं हात जोडले, डोळे पुसले आणि मग द्रोणांकडं त्याची नजर गेली. त्यानं वास घेतला.

"व्हिस्की? भाऊपुढं व्हिस्की कुनी ठिवली?"

"मीबी तेच म्हनती," सरुबाई म्हणाली. "सांगा ह्यांना, भावजी. आमचे हे पीत नव्हते."

महिपती आपल्या बुटांकडं बघायला लागला. "नव्हते पीत," तो म्हणाला. "दारू न्हाईच प्यायचे. मर्लो प्यायचे."

घाटावरची तीनशे डोकी महिपतीकडं वळली.

"आणि ती काय असते?" महाराजांनी विचारलं. माळकरी माणूस, आवाजात धार होती.

"लाल वाइन, महाराज. द्राक्षाची." महिपतीनं काखेतलं वर्तमानपत्र उलगडलं, आतून बाटली निघाली. "सायबांनीच पाठवलीय, भाऊंसाठी. शनिवारी पाव्हन्यांची पंगत उठली की बाटलीत उरायची ती भाऊ घ्यायचे. चार बोटं. पाचवं बोट कधी घेतलं न्हाई."

सरुबाईला शर्टाच्या बाह्या आठवल्या. पांढऱ्या बाह्यांवर लाल डाग पडायचे, आणि विचारलं की हौशीराम म्हणायचा, कोकम सांडलं. दर रविवारी ती लिंबू घेऊन बसायची आणि ते कोकम घासायची. एकतीस वर्षं त्या बंगल्यात एवढं कोकम कोण पितं हा प्रश्न तिला पडला नव्हता, याचाच तिला आता राग आला. नवरा प्यायचा याचा राग नव्हता. चार बोटांनी काय होतंय. पण एका माणसाला एक गोष्ट एवढी आवडावी, आणि ती बायकोला त्याच्या दहाव्याला कळावी, हे तिला फार लागलं.

बाकीच्यांना मात्र हुरूप आला. रोग सापडला, आता औषध द्यायचं तेवढं बाकी. "वता," कैलास म्हणाला.

"अशी कशी वता?" महिपतीनं खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला. "उघडून अर्धा तास ठिवावी लागती. तिला श्वास घेऊ द्यायचा असतो."

"ज्यांच्यासाठी उघडताय त्यांचा श्वास थांबून दहा दिवस झाले," भटजी घड्याळ बघत म्हणाले. "घाई करा."

तडजोड झाली ती दहा मिनिटांवर. तेवढ्यात बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून पवनेच्या पाण्यात धरून ठेवायचं ठरलं, कारण महिपतीच्या मते ती फार गरम झाली होती आणि अठरा अंशांच्या वर मर्लो दिली तर भाऊ उठून शिव्या देतील. हे ऐकून पिंकी पुन्हा रडली. दहा मिनिटांनी कैलासनं द्रोण पुढं केला, तर महिपतीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं मागं घेतला. कोटाच्या खिशातून रुमालात बांधलेला लांब दांड्याचा काचेचा पेला निघाला. महिपतीनं त्यात मोजून चार बोटं मर्लो ओतली, पेल्याचा तळ पिंडाशेजारच्या दगडावर नीट टेकवला, एक हात पाठीशी घेतला आणि वाकून मागं सरला.

सगळे पुन्हा पंचवीस पावलं मागं.

आणि एक कावळा उतरला. थोराड, मानेशी राखट असलेला. तो थेट दगडावर बसला. त्यानं मान वाकडी करून पेल्याकडं पाहिलं. तीनशे माणसांनी श्वास रोखला. मग त्यानं पत्रावळीवरच्या बोंबलाकडं पाहिलं, पुन्हा पेल्याकडं पाहिलं, आणि उडून उंबरावर जाऊन बसला.

महिपतीनं कपाळावर हात मारला. "वहिनी, बोंबील ठिवलाय तुमी?"

"मग काय ठिवायचं?"

"अवो, मर्लो बोंबलाबरोबर कोन पितं? तोंडात लोखंडाची किल्ली धरल्यागत लागतं. भाऊच्या जागी मी असतो ना, तर मीबी शिवलो नसतो."

आता हे तो भाबडेपणानं म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण सरुबाईच्या तोंडावरचा रंग उतरला. कैलास पुढं गेला, त्यानं आईच्या हातची पत्रावळ उचलली आणि बाजूला, घाटाच्या पायरीवर नेऊन ठेवली. त्यानं ती हळूच ठेवली, तरी ते तिनं बघितलं.

"मग चालतं काय तिच्याबरोबर?" कुणीतरी मागून विचारलं.

झालं. महिपतीला एकतीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आज एकदम तीनशे माणसं कान देऊन उभी होती. तो पायरीवर चढला. "आसं बघा. मर्लो म्हंजे गरीब सून. लय आंबट न्हाई, लय तुरट न्हाई, आलुबुखारासारखी मवाळ. बहुतेकांशी जमवून घेती. फक्त दोघींशी तिचं पटत न्हाई. एक मासळी, आन् दुसरी तिखट सासू. मिरची लागली की ती कडू व्हती. तिला भाजलेली कोंबडी चालती, मश्रूम चालतं, जुनं चीज चालतं, टोमॅटोचं काय बी चालतं. हे भाऊंनीच शिकवलंय मला."

पिंकीच्या सासूनं 'तिखट सासू'ला हरकत घेतली, पण तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. कारण आता लक्षात घ्या, हे मावळ आहे. इथल्या तीनशे माणसांत दीडशे जणांचा कुणी ना कुणी रिसॉर्टवर, बंगल्यावर नाहीतर धरणाकाठच्या तंबूंवर कामाला असतो. पाच मिनिटांत मोबाइल कानाला लागले. गौरव नावाच्या गड्याचा धरणावर तंबूंचा धंदा, त्यानं पाहुण्यांसाठी लावलेली बार्बेक्यूची कोंबडी गाडीतून आणली, बिचारे पाहुणे तिकडं पाव खात बसले. एकाच्या शेडमध्ये मश्रूमची लागवड, तो टोपलीभर घेऊन आला, आणि घाटावरच्या चहावाल्यानं पातेलं रिकामं करून ती लोण्यात परतून दिली. एका रिसॉर्टच्या मुदपाकखान्यातून चीज आलं. ते मालकाला माहीत होतं का, असं कुणी विचारलं नाही. एका लोणावळेकरानं चिक्कीचा पुडा पुढं केला.

"चिक्की न्हाई," महिपती म्हणाला. "गोडापुढं मर्लो आंबट लागती."

"चिक्की सगळ्यासंग चालती," लोणावळेकर म्हणाला, आणि रागानं जाऊन गाडीत बसला.

कोंबडी आली खरी, पण लाल. महिपतीनं बोट लावून चाखलं आणि मान हलवली. तिखट. मग कैलास आणि गौरव दोघं जण पवनेच्या पाण्यात उतरले आणि त्यांनी भाजलेली कोंबडी धुतली. मुंडण केलेला मुलगा बापाच्या दहाव्याला गुडघाभर पाण्यात उभा राहून तंगडी खळबळतोय, हे बघून सरुबाईला हसावं का रडावं कळेना. तिकडं चार पक्षांपैकी दुसऱ्यानं माइक परत चालू करून सांगितलं की हौशीरामभाऊंचं आणि मर्लोचं नातं आपल्या पक्षाला पहिल्यापासून माहीत होतं. महाराजांनी आधी पाठ फिरवली होती. थोड्या वेळानं ते अर्धे वळले. मग त्यांनी महिपतीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते मश्रूम शाकाहारीच ना हो?"

एकेक पत्रावळ लागत गेली. कोंबडी ठेवली, सगळे मागं गेले, कावळा उतरला, बघितलं, उडाला. चीज ठेवलं, तसंच झालं. मश्रूम ठेवलं तेव्हा तो एक पाऊल पुढं आला, तशी गर्दीतून "आं" असा आवाज आला आणि त्या आवाजानं तो बुजून उडाला. वाद पेटले. एक म्हणे, कोंबडी धुतल्यानं चव गेली. दुसरा म्हणे, मर्लो गरम झाली, बदला. सकाळी हे नाव ऐकलं असतं तर जी औषध समजली असती ती माणसं आता तुरटपणावर हातघाईला आली होती. पिंडाभोवती सात पत्रावळ्या झाल्या, आणि त्या सातांत सरुबाईच्या हातचं काही नव्हतं.

बारा वाजून गेले. भटजी न बोलता दर्भाला गाठी मारू लागले.

सरुबाई महिपतीजवळ गेली. "भावजी, एक विचारते. खरं सांगा."

"विचारा."

"माझ्या हातच्या जेवनाचं काय बोलायचे का कधी?"

महिपतीला खोटं बोलता येत नसे. "घरचं काय बोलायचेच न्हाईत, वहिनी," तो म्हणाला. "आमी जेवायचो पँट्रीत. पाव्हन्यांचं आवरलं की ओट्याला टेकून, उभ्यानं. मी आन् भाऊ. कुठून घंटी वाजंल ह्याचा नेम नसायचा. एकतीस वर्षांत बसून जेवताना न्हाई बघितलं मी त्यांना."

सरुबाईनं पायरीवरच्या आपल्या पत्रावळीकडं बघितलं. तिला एकदम आठवलं की तिनंही नाही बघितलं. लग्नात घास भरवला तेव्हा बसले असतील दोघं समोरासमोर, तेही फोटोवाल्यानं बसवलं म्हणून. त्यानंतर नाही. आधी सासू-सासऱ्यांची पानं, मग पोरांची, मग नोकरी, मग ती ओसरी. चव आवडली नाही, अमुक आवडलं, हे कळायला माणूस आधी पानावर बसावा लागतो.

भटजी दर्भाचा कावळा घेऊन उठले.

"खाली बसा," सरुबाई म्हणाली.

तिनं पायरीवरची आपली पत्रावळ उचलली आणि ती सरळ पिंडाकडं चालू लागली. कैलास मागून "आये, आये" करत राहिला. सविता म्हणाली, बाई भ्रमिष्ट झाली. सरुबाईनं कुणाकडं बघितलं नाही. दगडाजवळच्या सात पत्रावळ्यांतल्या दोन पायानं सरकवून तिनं जागा केली आणि गर्दीकडं पाठ करून मांडी घालून बसली. पत्रावळ पुढं घेतली. भाकरी मोडली, बोंबलाच्या कालवणात बुडवली आणि खाल्ली.

घाटावर हाहाकार झाला. कावळा शिवायच्या आधी घरची बाई जेवते, ती पिंडापाशी बसून जेवते, असं कुणी ऐकलं नव्हतं. महाराजांनी डोळे मिटून घेतले. पण पुढं जाऊन तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही, कैलासचीही नाही.

"हे बघा," सरुबाई म्हणाली. ती उंबराकडं न बघता समोरच्या रिकाम्या जागेशी बोलत होती, आणि आवाज चढलेला नव्हता. "मला लय राग आलाय तुमचा. मर्लो प्यायलात त्याचा न्हाई. सांगितलं न्हाई त्याचा. चाळीस वर्षं मी चुलीम्होरं म्हनत बसले, ह्यांना माझं आवडत न्हाई, ह्यांना माझं आवडत न्हाई. एकदा बसायचं व्हतं समोर. मीबी म्हनायचं व्हतं की बसा, ते म्हनले न्हाई. मला भूक लागलीय, मी जेवते. तुमाला बसायचं तर बसा."

दुसरा घास घेतला. सकाळपासून घशाखाली पाणी नव्हतं, भाकरी घशात अडकली. पाण्याचा तांब्या लांब राहिला होता. समोर पेला होता. तिनं तो उचलला आणि एक घोट घेतला.

महिपती म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं. तोंडात किल्ली धरल्यासारखं लागलं, तीही गंजलेली. सरुबाईनं डोळे गच्च मिटले, कसाबसा घोट गिळला, आणि तिला हसू आलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. "व्हय वो," ती म्हणाली. "न्हाई लागत हे. तुमचं बरोबर हाय."

डोळे उघडले तर कावळा समोर बसला होता.

हातभर अंतरावर. राखट मानेचा तोच. त्यानं कोंबडीकडं बघितलं नाही, चीजकडं बघितलं नाही. सरुबाईच्या उजव्या हातात भाकरीचा तुकडा होता, कोरडा, अजून कशातच न बुडवलेला. तो कावळ्यानं तिच्या बोटांतून काढून घेतला. घेऊन उडाला नाही. तिथंच खाली ठेवून पायानं दाबला आणि टोचून टोचून खाल्ला. सरुबाईनं दुसरा तुकडा मोडून ठेवला. तोही खाल्ला. तिनं स्वतःसाठी एक घास घेतला, त्याला एक ठेवला, पुन्हा एक घेतला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पत्रावळीत पडत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"सावकाश," ती म्हणाली. "घंटी न्हाई वाजायची हितं."

अर्धी भाकरी संपल्यावर कावळा पिंडावर चढला, एकदा चोच मारली आणि उडून गेला.

मागं एकच गलका झाला. शिवला, शिवला. पिंकीनं सासूच्या गळ्यात हात टाकले. भटजींनी दर्भ पिशवीत कोंबला आणि ते कामशेतच्या दिशेनं धावतच सुटले. माणसं पुढं लोटली, पण त्यांना हौशीराम सुटला याच्यापेक्षा दुसरीच उत्कंठा होती. सरुबाईच्या पाठीमुळं कुणाला काही दिसलं नव्हतं. पंधरा जणांनी मोबाइलवर काढून ठेवलं होतं, त्या पंधरांतही तिची पाठच होती.

"आधी कशाला तोंड लावलं, काकू? कोंबडीला ना?" गौरवनं विचारलं.

"चीज, चीज. मी वास घेताना बघितला त्याला."

"धुतलेल्या कोंबडीला कोण शिवतंय."

महाराजही मान उंचावून बघत होते. या सगळ्यांच्या मागं महिपती उभा होता, पांढऱ्या कोटावर चिखलाचे शिंतोडे, हातात उरलेली बाटली. गर्दीत शिरायचं धाडस त्याला झालं नव्हतं. त्यानं लांबूनच विचारलं, "वहिनी, कशाला शिवले भाऊ?"

सरुबाईनं त्याच्याकडं बघितलं. ओट्याला टेकून, उभ्यानं, एकतीस वर्षं हाच माणूस शेजारी होता. घंटी वाजली की दोघंही अर्धा घास टाकून पळत असतील.

"तुमच्या मश्रूमला, भावजी," ती म्हणाली. "आन् मर्लोलाबी. दोन्ही संग."

महिपतीनं मान हलवली, दोनदा हलवली, आणि मग पायरीवर बसून कोटाच्या बाहीत तोंड घालून हुंदके देऊ लागला. लोकांना हवं ते मिळालं होतं. मश्रूमवाला चारचौघांत मोठा झाला, चहावाला लोणी किती घातलं ते सांगत सुटला, आणि एका म्हाताऱ्यानं आपल्या मुलाला तिथल्या तिथं बजावलं की माझ्या टायमाला हे सगळं लक्षात ठेव, अठरा अंश.

कैलास आईला उठवायला आला. तो सगळ्यांच्या पुढं उभा होता, त्याला थोडं दिसलं होतं. तिच्या हाताला धरून तो कानाशी म्हणाला, "आये, भाकरीच घेतली ना आबांनी? तुज्या हातातनं? मी बघितलंय. सांग की सगळ्यांना."

"गप ऱ्हा," सरुबाई म्हणाली, आणि पायरीवरच्या पांढऱ्या कोटाकडं तिनं मान केली. "त्याचाबी मानूस गेलाय."